अपुऱ्या दिवसांचं लेकरू आणि घरातल्या दोन भाषा

प्रश्न: आम्ही धर्माबादजवळ राहतो. माझं माहेर निजामाबादकडचं, मी मुलाशी तेलुगूत बोलते. सासरी सगळे मराठी. मुलगा २९व्या आठवड्यात झाला, वजन ११५० ग्रॅम, बरेच दिवस काचेत होता. आता २२ महिन्यांचा आहे. चालतो, सांगितलेलं समजतं, पण शब्द दहा-बाराच. सासूबाई म्हणतात दोन भाषांनी लेकराचा गोंधळ होतोय. एका डॉक्टरांनीही एकच भाषा ठेवा म्हणून सांगितलं. नर्सरीच्या मॅडम म्हणतात, आतापासून घरात इंग्रजी बोला. आधीच नाजूक मेंदू, त्यावर मी दोन भाषांचा भार टाकतेय का? सुटीच्या वेळी कानाची तपासणी झाली होती, ती 'पास' आहे.

उत्तर:

ताई, तेलुगू बंद करू नका. हे सगळ्यांत आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रावरून दिसतं की तुम्ही मुलाशी बोलताना आता अडखळायला लागला आहात. आई अडखळायला लागली की लेकराच्या कानावर पडणारं बोलणंच कमी होतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलाला ते परवडत नाही.

शब्द कमी आहेत ही तुमची दुसरी काळजी मी बाजूला सारत नाही. ती बघायलाच हवी. पण तिचं खापर तेलुगूवर फोडलं की खरं कारण शोधायचं राहून जातं.

आधी वयाचा हिशेब. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. तुमचा मुलगा ११ आठवडे, म्हणजे अडीच महिने लवकर आला. ते २२ महिन्यांतून वजा केले की उरतात साडेएकोणीस. याला आम्ही करेक्टेड वय म्हणतो आणि निदान दोन वर्षांपर्यंत विकास याच वयाने मोजतो. शेजारच्या पूर्ण दिवसांच्या २२ महिन्यांच्या पोरीशी तुलना केली तर तो मागे दिसणारच. साडेएकोणीस महिन्यांना दहा-बारा शब्द म्हणजे अगदी मागे नाही, पण पुढेही नाही. करेक्टेड दोन वर्षांना ५०च्या आसपास शब्द आणि 'बाबा गेले', 'दूध दे' अशा दोन शब्दांच्या जोड्या दिसायला हव्यात. म्हणजे साडेचार महिने हातात आहेत, आणि ते नुसते वाट बघण्यात घालवायचे नाहीत.

दहा-बारा हा आकडा कोणी काढला तेही विचारतो. मराठी घरात शब्द मोजताना बहुतेक वेळा मराठीच मोजले जातात. तो तुमच्याजवळ 'पालु' म्हणतो, 'नीळ्ळु' म्हणतो, ते आजीच्या हिशेबात आलेत का? दोन्ही भाषांचे शब्द एकाच यादीत लिहा. 'दूध' आणि 'पालु' दोन्ही म्हणत असेल तर दोन धरा. कुत्रा दिसला की दर वेळी 'भू' म्हणत असेल तर तोही शब्दच. मायामीतल्या इंग्रजी-स्पॅनिश लेकरांचे शब्द १९९३च्या एका अभ्यासात असेच दोन्ही भाषा मिळून मोजले, तेव्हा ती मुलं एकभाषी मुलांच्या बरोबरीनेच निघाली. एकेक भाषा सुटी धरली तर मात्र ती मागे वाटतात. आपल्याकडे नेमकी तीच चूक घरोघरी होते, आणि दवाखान्यातही होते.

आता कान. तुम्ही 'पास' लिहिलंत. सुटीच्या वेळी बहुतेक ठिकाणी ओएई करतात. कानात छोटी नळी घालून आतल्या पेशींचा प्रतिसाद बघतात, दोन मिनिटांचं काम. पण कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दोष असेल तर तो ओएईत दिसत नाही, त्यासाठी बेरा, म्हणजे डोक्याला तारा लावून त्या नसेचा प्रतिसाद बघणारी तपासणी लागते. काचेत पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या लेकराची बेरा व्हायलाच हवी. त्याला जेंटामायसिन किंवा अमिकासिन दिलेलं असेल, कावीळ जास्त वाढली असेल किंवा व्हेंटिलेटर लागला असेल तर जास्तच. काही मुलांची ऐकण्याची कमतरता जन्मानंतर काही महिन्यांनी सुरू होते, म्हणून पहिली तपासणी चांगली आली तरी शब्द कमी असतील तेव्हा पुन्हा करायची. 'हाक मारली की बघतो' हा पुरावा मी धरत नाही. एका कानाने किंवा फक्त जाड आवाज ऐकू येणारं लेकरूही हाकेला बघतं. फक्त जाड आवाज ऐकणाऱ्याला 'स', 'श', 'फ' मात्र ऐकूच येत नाहीत, मग शब्द अर्धे उमटतात आणि घरात म्हणतात, बोबडं आहे.

हे लिहितोय तोवर दोन गोष्टी आठवल्या, कारण त्या नक्की कोणीतरी सुचवणार. एक, जीभ चिकटलीय, खालची दोरी कापून आणा. जिभेच्या दोरीने फार तर काही उच्चार अडतात, शब्द यायला उशीर होत नाही. दुसरी, वेखंड उगाळून चाटवा म्हणजे वाचा फुटेल. नका चाटवू.

तुमच्या मूळ शंकेकडे येतो: नाजूक मेंदू. ही शंका वेडगळ नाही. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपल्याकडच्या म्हाताऱ्या अजून म्हणतात, ते मात्र साफ चूक. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा लेकराच्या भल्याचाच असतो. ३४ आठवड्यांना मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतं. वळ्या पडणं, एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडणारं जाळं विणलं जाणं, यातलं बरंचसं शेवटच्या तीन महिन्यांत होतं. तुमच्या मुलाने ते काम काचेत, मॉनिटरच्या टिकटिकीत केलं. म्हणून पुढे अशा काही मुलांना लक्ष टिकवणं, दोन-तीन सूचना एकदम डोक्यात धरणं आणि शाळेत गेल्यावर गणित जड जातं. भाषेतही, अपुऱ्या दिवसांच्या मुलांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये जो आढावा निघाला, त्यात तीन ते बारा वर्षांच्या दरम्यान गुंतागुंतीच्या भाषेतलं अंतर वाढत जाताना दिसलं. म्हणजे साधं बोलणं येतं, पण लांब वाक्य, गोष्ट सांगणं, 'कारण', 'जर-तर' इथे ती अडकतात. या सगळ्याचं मूळ अपुऱ्या दिवसांत आहे. घरातल्या भाषा किती, याने ते निर्माण होत नाही.

कान तर गर्भातच साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतो. व्हँकूवरला २०१० मध्ये नवजात बाळांवर एक प्रयोग झाला. ज्यांच्या आया गरोदरपणात इंग्रजी आणि टागालोग (फिलिपाइन्सची भाषा) दोन्ही बोलत होत्या त्या बाळांनी जन्मल्यावर दोन्ही भाषांमध्ये रस दाखवला, आणि दोन्ही वेगळ्या आहेत हेही त्यांनी ओळखलं. ती पूर्ण दिवसांची बाळं होती. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचं अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातलं काम मला जास्त मोलाचं वाटतं. तिथे काचेतल्या बाळांजवळ सोळा-सोळा तास ध्वनिमुद्रण ठेवून मोठ्या माणसांचे किती शब्द त्यांच्या कानावर पडतात ते मोजलं. ३२व्या आठवड्याच्या सुमाराला ज्यांच्याजवळ जास्त बोललं गेलं, त्यांचे पुढे दीड वर्षाच्या वयाचे भाषेचे आणि बुद्धीचे गुण जास्त आले. तुम्ही त्याला छातीशी धरून कांगारू करत होतात तेव्हा काय पुटपुटत होतात? तेलुगूच ना? मग ती भाषा त्याच्या मेंदूला नवीन ओझं कशी होईल?

आता संशोधनाची उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुमचे डॉक्टर दाखवतील आणि तुम्ही पुन्हा घाबराल. २००९ मध्ये बर्लिनहून एक अभ्यास आला. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांमध्ये ज्यांच्या आई-वडिलांच्या दोन भाषा होत्या त्यांचे दोन वर्षांच्या आसपासचे विकासाचे गुण कमी आले. 'एकच भाषा ठेवा' असा सल्ला देणाऱ्यांना यात आधार दिसतो. पण त्या वेळी वापरलेल्या बेली या विकास मोजणाऱ्या चाचणीच्या जुन्या आवृत्तीत बुद्धी आणि भाषा यांचा गुण एकत्रच निघायचा. मूल ज्या भाषेत कमी बोलतं तिच्यात प्रश्न विचारले की भाषेचे गुण पडतात आणि कागदावर बुद्धी पडल्यासारखी दिसते. नव्या आवृत्तीत दोन्ही वेगळे केले. मग २०१३ मध्ये अमेरिकेतल्या, २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांवरचा अभ्यास आला. स्पॅनिश घरांतल्या मुलांचे भाषेचे गुण कमी होते, बुद्धीचे मात्र इंग्रजी घरांतल्या मुलांच्या जवळपास होते. मला यातून एवढंच दिसतं की चाचणी कुठल्या भाषेत घेतली यावर बरंच अवलंबून असतं.

म्हणून आपल्याकडेही, बडोद्याला प्रमिला फाटक यांच्या कामातून तयार झालेली विकास मोजणारी डासी चाचणी तुमच्या मुलाची होईल तेव्हा तपासणाऱ्या ताईंना आधीच सांगा की घरात तेलुगू आहे. वस्तू दाखवायला सांगायची असेल तर त्यांना मराठीत विचारू द्या, मग तुम्ही तेलुगूत विचारा. दोन्हींपैकी कशातही ओळखली तरी ती आली असं धरायचं.

आणखी पक्का पुरावा हवा असेल तर कॅनडातला घ्या. ज्यांची अडचण आपल्या मुलांपेक्षा कितीतरी मोठी, अशा डाऊन सिंड्रोमच्या दोन भाषा बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास २००५ मध्ये आला. त्याआधी २००३ मध्ये भाषाविकासाचाच दोष असलेल्या फ्रेंच-इंग्रजी मुलांचा आला होता. दोन्हींत दुसऱ्या भाषेमुळे नुकसान झालं असं निघालं नाही. दोष होता तेवढाच राहिला, दोन्ही भाषांत दिसला. हेच माझं खूण ओळखायचं साधन आहे. मूल तेलुगूत छान बोलत असेल आणि मराठीत अडत असेल तर त्याला मराठी कमी मिळाली आहे. दोन्हींत अडत असेल तर कान बघा, विकास बघा. अशा वेळी एक भाषा काढून टाकल्याने दोष जात नाही, फक्त एक माणूस गप्प होतो. बहुतेक वेळा ती आई असते.

उलट टोकाचं आश्वासनही मी देणार नाही. दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, लक्ष वाढतं, असं तुम्ही मोबाइलवर वाचलं असेल. टोरांटोच्या संशोधक एलेन बायलिस्टॉक यांच्या कामापासून ही कल्पना गाजली. नंतर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नऊ-दहा वर्षांच्या साडेचार हजारांहून जास्त मुलांवर ती तपासली तेव्हा असा फायदा दिसला नाही. अपुऱ्या दिवसांच्या मुलांवरचे अभ्यास तर मोजके आणि छोटे आहेत. तेलुगू ठेवायची ती बुद्धीचं टॉनिक म्हणून नव्हे. ती त्याच्या आईची आणि अम्मम्माची भाषा आहे, आणि तुम्ही तिच्यातच मोकळ्या बोलता. एवढं कारण पुरेसं आहे.

आणि मराठवाड्यात बसून दोन भाषांची भीती बाळगायची म्हणजे मला जरा गंमतच वाटते. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी घरी मराठी बोलायची, शाळेत आणि कचेरीत उर्दू लिहायची. देगलूर-बिलोली-धर्माबादला बाजारात तेलुगू, उदगीर-निलंग्याला कानडी, औरंगाबाद-परभणीत दखनी उर्दू, बंजारा तांड्यावर गोरमाटी. इथलं लेकरू दोन भाषांत वाढणं ही नवी गोष्ट नाही. नवी गोष्ट आहे ती घरात बोलणारी माणसं कमी होणं आणि जेवताना समोर मोबाइल असणं.

मोबाइलवर जरा जोर देतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा शिकवून बघण्याचा एक प्रयोग सिअ‍ॅटलला झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. समोर बसून खेळणाऱ्या माणसांकडून बाळं चिनी आवाजातला फरक शिकली. त्याच माणसांचा व्हिडिओ दाखवला तर काही शिकली नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको असंच सांगते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत दोन भाषा असतात. त्यांतल्या एकीला दोष दिला जातो, आणि तिसरी, कार्टूनमधली हिंदी किंवा इंग्रजी, जी लेकराला रोज सगळ्यांत जास्त ऐकू येते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

तसंच घरातल्या इंग्रजीचं. तुमच्या दोघांपैकी कोणी सहज, रागावताना, लाड करतानाही इंग्रजी बोलत असेल तर बोला. नसेल तर 'कम हिअर, सिट डाऊन, ईट ॲपल' एवढंच इंग्रजी लेकराच्या वाट्याला येईल, आणि तुमची लांब, भरलेली, तेलुगू-मराठी वाक्यं गमावली जातील. या मुलांना पुढे अडचण येते ती नेमकी लांब वाक्यांत, हे वर लिहिलंच आहे. शाळेतली इंग्रजी शाळा शिकवेल. मॅडमना हवं तर माझं नाव सांगा.

बोलायचं कसं, याला फार नियम नाहीत. 'आईने एकच भाषा, बाबांनी एकच' असा काटेकोरपणा पुस्तकात बरा दिसतो; आपल्या घरात आत्या आली, शेजारीण आली की मोडतो, आणि मोडला तरी काही बिघडत नाही. लेकरू एकाच वाक्यात दोन भाषा मिसळेल, ती मिसळू द्या. मोठी माणसंही मिसळतात. त्याला दुरुस्त करू नका, त्याचंच वाक्य पूर्ण करून परत द्या. तो 'नीळ्ळु' म्हणाला की आजीने 'पाणी म्हण' असं दटावायचं नाही. 'हो, पाणी पाहिजे राजाला' म्हणायचं आणि पाणी द्यायचं. 'हे काय? ते काय?' ही परीक्षा बंद. तुम्ही आंघोळ घालताना, भाकरी थापताना जे करताय ते सांगत राहा, आणि मग थांबा. हे थांबणं महत्त्वाचं आहे. या मुलांना ऐकलेलं उलगडून उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो. मनात पाच अंक मोजा, त्याच्या तोंडाकडे बघा, मग बोला. आपण मोठी माणसं दोन अंकांतच त्याच्या वतीने उत्तर देऊन मोकळी होतो. बोलताना टीव्ही बंद हवा. गोंगाटातून शब्द वेगळा काढणं त्याला इतरांपेक्षा जड जातं.

सासूबाईंना तेलुगू येत नाही म्हणून त्या बाजूला पडल्यासारख्या वाटत असतील, हे लक्षात घ्या. त्यांना मराठीतली कामं द्या: ओव्या, बडबडगीतं, दुपारची गोष्ट. त्यांची मराठी त्याला तितकीच हवी आहे. 'गोंधळ होतोय' ही तक्रार तेवढ्यानेच कमी झालेली मी अनेक घरांत पाहिली आहे.

तुमच्यासारखं पत्र लिहू शकत नाहीत अशाही आया आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत लेकरू दिवाळीनंतर कारखान्याकडे, ऊसतोड्यांच्या कोपीवर (झोपडीत) जातं, नाहीतर तांड्यावर आजीजवळ राहतं. गोरमाटीत वाढतं, अंगणवाडीत मराठीसमोर गप्प बसतं आणि 'मंद' म्हणून शिक्का बसतो. फाइल गावी, लेकरू कारखान्यावर, बेरा कधीच होत नाही. अंगणवाडीताई वाचत असतील तर एवढंच: त्याच्या याडीला (आईला) विचारा, घरी किती बोलतो. मग ठरवा.

भाषेशी संबंध नसलेलं, पण बोलण्यावर परिणाम करणारं एक राहिलं: लोह. बाळाच्या अंगात लोहाचा साठा होतो तो शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणजे तुमच्या मुलाचा पुरेसा झालेलाच नाही. त्याचे लोहाचे थेंब मध्येच बंद झाले असतील तर एकदा रक्त तपासून घ्या. लोह कमी पडलेलं मूल चिडचिडं, सुस्त आणि शिकायला मंद दिसतं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली असेलच, पण चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा आता पुन्हा बघून घ्या.

आता तुम्ही काय करायचं. महिन्याभरात बेरा. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (आरबीएसके) डीईआयसी, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, तिथे कान, विकास, वाचा, फिजिओ सगळं मोफत होतं. गावात तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या पथकाकडून चिठ्ठी घेतली तर सोपं जातं. तेलुगूतूनच वाचातपासणी करून घ्यायची असेल तर ऐकणं-बोलणं यावर काम करणाऱ्या अली यावर जंग या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र सिकंदराबादला आहे. धर्माबादहून तिकडची गाडी तुम्हाला माहीतच आहे, आणि माहेरही वाटेवर. करेक्टेड दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल तर थेरपी सुरू करायची, तीही दोन्ही भाषांत. त्याआधीच घाई करायची वेळ म्हणजे तो बोट दाखवून वस्तू मागत नसेल, डोळ्याला डोळा देत नसेल, किंवा येणारे शब्द जाऊ लागले असतील. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण थोडं जास्त असतं, म्हणून हे मी प्रत्येकाला विचारतो.

येताना डिस्चार्ज कार्ड, मेंदूच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि दोन्ही भाषांतल्या शब्दांची ती यादी घेऊन या. यादीत शब्द कोणासमोर म्हणतो तेही लिहा.